मला संध्याकाळ नव्हती

"म्हण ना गं एकदा. ही मंडळी पहिल्यांदाच आलीयेत, त्यांनी ऐकलं नाहीये."

असं म्हणत ताईंनी मला खांद्याला धरून हॉलच्या मधोमध उभं केलं. माझे हात पिठाचे. अर्ध्या पुऱ्या लाटायच्या राहिलेल्या, कढई गॅसवर. समोर सोफ्यावर साहेबांच्या हॉस्पिटलातले डॉक्टर, त्यांच्या बायका, हातात ग्लास. सगळी आपलीच माणसं. कुणी पुण्याचं, कुणी नागपूरचं. खिडकीतून ऊन आत येत होतं. जून महिना होता, आणि साउथहॅम्प्टनला जूनमध्ये रात्रीच्या जेवणालाही ऊन असतं.

"समज, आम्ही पाहुणे. बेल वाजवली. तू दार उघडलंस. काय म्हणशील?"

मी म्हटलं, "गुड नाईट."

सगळा हॉल हसला. एकाला ठसका लागला. एक नवी लग्न झालेली मुलगी म्हणाली, "पण ह्या खरंच असं म्हणाल्या होत्या?"

"अगं खरंच. ह्यांच्या बॉसला. दारात उभा बिचारा, कोटसुद्धा काढला नव्हता."

तेवढ्यात ताईंची मुलगी रिया पळत आली. सहा वर्षांची. "मावशी, माझा पुरी कुठे आहे?"

"माझा पुरी! सो स्वीट," त्या बायका म्हणाल्या. एकीनं तिला जवळ घेऊन पापा घेतला.

मीही हसले. सगळे हसत असताना एकटीनं न हसणं म्हणजे राग धरल्यासारखं दिसतं, आणि राग धरायची माझी जागा नव्हती. तेल तापलं म्हणून आत गेले. पुरी टाकली. फुगली. झारा दोन्ही हातांनी धरला.

तेव्हा मला एवढंच कळलं की रिया चुकली की ती गोड, आणि मी चुकले की मी गंमत. यापुढचं कळायला अजून काही महिने लागले.

माझी आई पुण्यात ताईंच्या माहेरी भांडी घासायची. त्याआधी आम्ही गावी होतो, साखर कारखान्याजवळ. माझी शाळा सातवीला सुटली. सुटली म्हणजे आईची कंबर गेली आणि तिची घरं मी धरली. नंतर लग्न झालं. नवऱ्यानं दुसरी केली, मी परत आईकडे. तेव्हा ताईंच्या आई म्हणाल्या, "हिला साउथहॅम्प्टनला पाठवू. पोरगी लहान आहे, दोघं डॉक्टर, घरात कुणी नाही. हिचंही आयुष्य मार्गी लागेल."

लागलं. खोटं कशाला बोलू. ज्या बाईनं कधी मुंबई धड पाहिली नव्हती ती विमानात बसली. ताईंनी स्वतः दुकानात नेऊन मला कोट घेतला, बूट घेतले. पहिल्या थंडीत मला ताप भरला तेव्हा ताई ड्युटीवरून आल्या त्या तशाच माझ्या उशाशी बसल्या, कपाळावर हात ठेवून. माझ्या कपाळावर असा हात आईनंतर कुणी ठेवला नव्हता. मी त्यांच्यासाठी जीव दिला असता. हे मी रागानं लिहीत नाही. रागाला मध्येमध्ये हे सगळं आठवतं, म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

निघताना आईच्या पाया पडून म्हणाले, "जाते." आईनं माझ्या तोंडावर हलकेच चापट मारली. "जाते म्हणू नये. येते म्हण." मी म्हटलं, "येते." आणि आले इकडे.

आता त्या गुड नाईटचं सांगते.

आमच्या शाळेत सर वर्गात आले की सगळी पोरं उभी राहून एका सुरात ओरडायची, गुड मॉर्निंग सर. मधल्या सुट्टीनंतर गुड आफ्टरनून सर. पाचला शाळा सुटायची. म्हणजे इव्हनिंग आमच्या वर्गात कधी आलीच नाही. गुड नाईट मी टीव्हीवर ऐकलेलं. माझ्या डोक्यात सरळ हिशोब होता. उजेड असला की मॉर्निंग, ऊन कलायला लागलं की आफ्टरनून, अंधार झाला की नाईट.

मी आले त्याच वर्षीचा डिसेंबर. चारला दिवे लावायला लागायचे. गावी दिवेलागणीला आई देवापुढे निरांजन लावायची, दाराशी केर काढू द्यायची नाही. इथं दिवेलागण झाली तरी पोरं शाळेतून यायची असायची. मला दिवसच कळेना. बाहेर मिट्ट काळोख आणि शेजारचे म्हातारे आजोबा कुंपणावरून हात करून म्हणायचे, "आफ्टरनून!" मला वाटायचं, आजोबांचं डोकं फिरलंय.

त्या दिवशी सकाळी ताई जाता जाता म्हणाल्या, "अगं, टुनाईट ह्यांचे बॉस येतायत. सहाला. नीट साडी नेस. दार तू उघडशील, आम्ही कदाचित वरती असू."

टुनाईट. त्यात नाईट होतं. बाहेर अंधार होता. मी दिवसभर मनातल्या मनात घोकलं. परदेशातला पहिला मोठा पाहुणा. माझ्यामुळे साहेबांची मान खाली जाऊ नये. बेल वाजली, मी पदर सारखा केला, दार उघडलं, आणि अगदी स्वच्छ म्हणाले, "गुड नाईट, सर."

उंच गोरा माणूस, मागे त्याची बायको. त्याचा एक पाय पायपुसण्यावर होता. तो थांबला. बायकोकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाला, "ऑलरेडी?" आणि हसत सुटला. पाय मागे घेऊन परत निघाल्यासारखं केलं. ताई धावत खाली आल्या, सॉरी सॉरी म्हणाल्या, आणि मग त्याही हसल्या.

रात्री मी भांडी घासत असताना ताईंनी मला समजावलं. "अगं वेडे, गुड नाईट म्हणजे जा आता. येणाऱ्याला गुड इव्हनिंग म्हणतात." म्हणजे मी दारात आलेल्या पाहुण्याला जा म्हटलं होतं. आमच्याकडे जाणारी माणसंसुद्धा येते म्हणतात. दारात आलेल्याला जा कोण म्हणतं? मी रडले. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? किती क्यूट होतं ते."

तिथं संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

पण संपलं नाही. पुढच्या पार्टीला ती गोष्ट सांगितली गेली. त्याच्या पुढच्या पार्टीला मला बोलावून म्हणायला लावलं. मग तो रिवाजच पडला. जेवण झालं, गुलाबजाम आले, की माझी पाळी. मंडळाच्या गणपतीत एका अनोळखी बाईनं मला विचारलं, "तुम्हीच का त्या गुडनाईट मावशी?" माझं नाव तिला माहीत नव्हतं. त्या गावातल्या निम्म्या मराठी माणसांना मी त्याच नावानं माहीत होते. साहेबसुद्धा हॉस्पिटलातून आले की दारातून म्हणायचे, "काय गुडनाईट, चहा?"

आणि मी चहा ठेवायचे.

रियाला आणायला शाळेच्या फाटकाशी उभी असायचे, तिथं दानुता भेटली. पोलंडची. दुसऱ्यांच्या घरांची सफाई करायची आणि एका घरातली दोन पोरं शाळेतून न्यायची. धिप्पाड, लाल गालांची. तिचं इंग्रजी माझ्याएवढंच, पण ती बिनधास्त बोलायची. चुकली की स्वतःच हसायची, आधी हसायची. एकदा म्हणाली, "यू कम. चर्च हॉल. इंग्लिश क्लास. फ्री. बिस्किट ऑल्सो."

मंगळवारी दुपारी. रिया शाळेत, घर झाडून-पुसून झालेलं. ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा की. फोन तरी घेता येतील नीट." मी त्यांचे आभार मानले. दोनदा मानले.

शिकवणाऱ्या बाई रिटायर झालेल्या शिक्षिका होत्या. त्यांचं नाव मार्गारेट. सगळे त्यांना नावानंच हाक मारायचे. मला ते जमेना, मी मॅडमच म्हणायचे. एका मंगळवारी त्यांनी फळ्यावर एक लांब आडवी रेघ मारली आणि तिच्यावर शब्द लिहिले. मॉर्निंग, आफ्टरनून, इव्हनिंग, नाईट.

माझ्या कानशिलांतून गरम वाफ निघाली. वाटलं, इथंपर्यंत पोचली माझी गोष्ट.

पोचली नव्हती. तो नेहमीचा धडा होता. मी धीर करून हात वर केला. मोडकंतोडकं विचारलं की पाहुणे सहाला येणार असतील तर आपण टुनाईट येणार म्हणतो. मग सहाला आल्यावर त्यांना गुड नाईट का नाही म्हणायचं?

मार्गारेट मॅडमनी खडू खाली ठेवला. रेघेकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डू यू नो, आय हॅव नो आयडिया." आणि कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं इंग्रजांना त्यांचं सगळं ठाऊक असतं.

मग त्यांनी सांगितलं की इव्हनिंग सूर्यावर ठरत नाही. डिसेंबरात चारला अंधार पडला तरी ती आफ्टरनूनच. जूनमध्ये नऊला ऊन असलं तरी इव्हनिंग. साधारण माणूस काम संपवून घरी येतो तिथून इव्हनिंग सुरू होते आणि झोपायला जातो तिथं संपते. मग त्या एकेकाला विचारायला लागल्या, "व्हॉट डू यू डू इन द इव्हनिंग?"

दानुता म्हणाली, टीव्ही बघते, आईला फोन करते, पाय गरम पाण्यात सोडते. एक सोमाली माणूस म्हणाला, भावाकडे जातो, पत्ते खेळतो. माझी पाळी आली. मी म्हटलं, "आय मेक चपाती. आय गिव्ह डिनर. आय वॉश. आय आयर्न युनिफॉर्म."

"दॅट्स वर्क," मॅडम म्हणाल्या. "अँड इन द इव्हनिंग?"

मी परत तेच सांगायला लागले. मध्येच थांबले.

दानुता खो खो हसली. माझ्या पाठीत धपका घालून म्हणाली, "शी हॅव नो इव्हनिंग! शी हॅव आफ्टरनून, आफ्टरनून, आफ्टरनून, देन बेड!"

सगळे हसले. मीही हसले. पण या वेळी मला खरंच हसू आलं होतं. बसमध्ये बसल्यावर मी तिचं वाक्य मनात परत म्हटलं.

खरं होतं ते. फळ्यावरच्या रेघेतला एक तुकडा माझ्या दिवसात नव्हताच. ताई-साहेब घरी आले की त्यांची इव्हनिंग सुरू व्हायची. ती मीच त्यांना करून द्यायचे. गरम चपात्या, आवरलेला ओटा, झोपवलेली पोरगी. मी आईला फोन करायचे तो रविवारी, रिया पोहायला गेली की. बंदरातून मोठी प्रवासी जहाजं दिवस कलल्यावर निघायची, त्यांचा भोंगा माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. गावी कारखान्याचा भोंगा झाला की पाळी सुटायची, माणसं सायकली काढायची. इथं भोंगा झाला की मी कणीक मळायला घ्यायचे. आणि ज्या शब्दावरून अख्खं गाव मला हसत होतं, तो शब्द मला येणार कसा? तो मला कुणी दिलाच नव्हता. ना शाळेनं, ना त्या घरानं.

त्या शरद ऋतूत साहेबांचे बॉस रिटायर झाले. तेच, पायपुसण्यावरचे. साहेबांनी त्यांना घरी जेवायला बोलावलं.

ताई सकाळपासून खुशीत. मला म्हणाल्या, "दार तू उघड हं. आणि तेच म्हण. त्यांना फार आवडतं ते, अजून विचारतात. सरप्राईज."

मी म्हटलं, "ताई, मला आता येतं. मी नीट म्हणते."

"अगं, येतं ते माहितीये मला. पण गंमत त्यातच आहे ना? शेवटचं. त्यांच्यासाठी."

दिवसभर माझं लक्ष लागेना. भात करपवला, परत लावला. एक मन म्हणे, दोन शब्द आहेत, म्हणून टाक. ज्या बाईनं कपाळावर हात ठेवला तिचं मन मोडतेस? दुसरं मन काही म्हणत नव्हतं. ते नुसतं घट्ट होत होतं.

बेल वाजली. या वेळी ताई-साहेब वरती नव्हते. माझ्या मागेच उभे होते, बघायला. इतर पाहुणे हॉलच्या दारात गोळा झालेले. मी दार उघडलं. तोच उंच माणूस, केस आता सगळे पांढरे. मागे बायको, हातात फुलं. तो आत आला नाही. पायपुसण्यावर थांबला, भुवया वर केल्या. तयार होऊन.

"गुड इव्हनिंग, सर," मी म्हटलं.

तो थांबूनच राहिला. त्याला वाटलं, पुढे काहीतरी आहे. मग बोट हलवत म्हणाला, "नो, नो. द अदर वन."

मागून ताई हळूच, "अगं, ते नाही. ते म्हण."

मी दार धरून उभी राहिले. "नो, सर. गुड इव्हनिंग."

कुणी हसलं नाही. त्याचं तोंड तसंच राहिलं, हसायला उघडलेलं. त्याच्या बायकोनं पुढे होऊन फुलं माझ्या हातात दिली आणि खाली बघत म्हणाली, "गुड इव्हनिंग."

जेवण नीट झालं. गुलाबजामच्या वेळी मला कुणी बोलावलं नाही.

पाहुणे गेल्यावर ताई स्वयंपाकघरात आल्या. चेहरा लाल. "एवढा ॲटिट्यूड? सगळ्यांसमोर? साधी गंमत होती, डोन्ट बी सो सेन्सिटिव्ह. काय कमी केलं गं तुला आम्ही?"

"काही नाही."

"मग?"

मला मोठं बोलता येत नाही. तेव्हाही आलं नाही. मी म्हटलं, "ताई, मला संध्याकाळ पाहिजे."

"काय पाहिजे?"

"संध्याकाळ. सहानंतर मी काम करणार नाही. स्वयंपाक करून ठेवीन."

त्या हसल्या. हसू आवरेचना. "अगं, सहाला तर आम्ही घरी येतो. आम्ही घरी आल्यावरच तर तुझं काम असतं."

"हो. तेच."

मग हसू गेलं. "हे त्या क्लासमध्ये शिकवतात का? बंद तो क्लास. उद्यापासून नाही जायचं. कुणामुळे उभी आहेस इथं, विसरलीस?"

विसरले नव्हते. तेवढं एकच होतं जे मी एक दिवसही विसरले नव्हते. आणि त्या क्षणी मला दिसलं की ते मी विसरू नये म्हणूनच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जात होती. गुड नाईट म्हणायला लावायचं म्हणजे मला दारात जिथं पहिल्या डिसेंबरात उभी केली होती, तिथंच उभी ठेवायचं. मी शिकले की त्यांची गंमत संपत होती.

पुढच्या मंगळवारी मी क्लासला गेले. न विचारता. मार्गारेट मॅडमनी मला सल्ला केंद्रात नेलं, तिथं कळलं की माझ्या व्हिसावर मला घर बदलता येतं. काम तेच, फक्त घर दुसरं. दानुता एका आजींकडे सफाईला जायची, त्यांना दिवसभराची बाई हवी होती. पाचपर्यंत. राहायला त्यांच्याकडेच एक खोली.

साहेबांकडे माझा पासपोर्ट मागितला. त्यांनी कपाट उघडून दिला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "नीट राहा."

शनिवारी सकाळी बॅग घेऊन दारात आले. ताईंनी घेऊन दिलेला कोट अंगात होता. दुसरा नव्हताच, आणि थंडी होती. रिया जिन्यावर बसली होती.

"मावशी, तू कुठे चालला?"

"चालली," मी हळूच म्हटलं. तिच्या चुकीची मी कधी गंमत केली नव्हती.

"मावशी, तू कुठे चालली?"

तिला जवळ घेतलं. मग ताईंच्या पाया पडले. पडावंसं वाटलं म्हणून पडले. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. बॅग उचलली आणि म्हटलं, "जाते."

ताई दचकल्या. परदेशात राहिल्या तरी त्या पुण्याच्याच. "असं म्हणू नये गं. येते म्हणावं."

"माहीत आहे, ताई. म्हणूनच म्हटलं."

बसस्टॉपपर्यंत छाती धडधडत होती. आजही कुणाच्या दारात उभी राहिले की धडधडते, ती भीती गेलेली नाही. पण बंदराचा भोंगा झाला की मी हात धुते, एप्रन काढते. आजी म्हणतात, "गुड नाईट, डिअर." मी त्यांना गुड नाईट म्हणते आणि माझ्या खोलीचं दार ओढून घेते. तिथून पुढचा दिवसाचा तुकडा माझा. तो मी आता कुणालाही देणार नाही, कपाळावर हात ठेवणाऱ्यालाही नाही.